घोसवाली निळी झाली तेव्हा

"अहो, कोपर काढा ना जरा. बरगडीत घुसलंय माझ्या."

"मी काय मुद्दाम घातलंय? मागून रेटतायत. आणि तुमच्या पिशवीत काय विटा भरल्यात? गुडघा सोलला माझा."

"बटाटे आहेत."

"बटाटे घेऊन चमत्कार बघायला येतं का कोणी?"

"चमत्कार काय पत्र पाठवून येतो? बाजारातून घरी चालले होते, वाटेत लागला."

हे सगळं माझ्या डाव्या कानाला लागून चाललं होतं. उजव्या कानाशी कोणीतरी शिंकत होतं. टेलरमावशींच्या दुकानापुढची गल्ली अशी अरुंद की दोन सायकली समोरासमोर आल्या तर एकीला उतरावं लागतं. त्या सकाळी तिथे शंभरेक माणसं उभी होती आणि सगळ्यांच्या माना एकाच बाजूला वळल्या होत्या, दुकानाच्या पायऱ्यांशेजारच्या हातभर वाफ्याकडे.

वाफ्यात एक झुडूप आहे, कमरेएवढं. हायड्रेंजिया त्याचं नाव. ते घेताना जिभेला ठेच लागते, म्हणून आमच्या गल्लीत तिला सगळे घोसवाली म्हणतात. तळहाताएवढी पानं, कडेला करवतीसारखे दात, आणि कोबीच्या गड्ड्याएवढे फुलांचे घोस. अकरा वर्षांपूर्वी मीच माझ्या झाडाची फांदी मातीत दाबून, तिला मुळं फुटल्यावर मावशींना दिली होती. मी रोपं विकते. शिकायला कुठे गेले नाही. जितकी झाडं मारली तितकी शिकले.

अकरा वर्षं घोसवाली गुलाबी फुलली. आणि त्या सकाळी ती निळी होती. जांभळट नाही, राखाडी नाही, चक्क निळी. शाळेच्या दौतीत असायची तसली शाई कोणीतरी फुलांवर ओतावी तशी.

"बघा! बघा, भक्तांनो!" फूलबाबा मावशींच्या गिऱ्हाइकांच्या स्टुलावर उभा होता. "विज्ञान काय सांगतं?"

फूलबाबाला विज्ञान फार आवडायचं. ते काय सांगतं हे तो स्वतःच सांगायचा.

"विज्ञान सांगतं, निळा हा रंगच नाही! निळा म्हणजे कंपनं! डोळ्यात जे मळभ साचतं ते झाड मुळांनी ओढतं, खोडातून वर चढवतं आणि फुलात सोडून देतं. सांगा, मावशींचा मोतीबिंदू आता कुठे आहे?"

"फुलात!" गर्दी ओरडली.

"पण मोतीबिंदू पांढरा असतो ना?" बटाटेवाल्या बाईंनी विचारलं.

"झाडात गेला की निळा होतो."

"आणि फूल सुकलं की मग कुठे जातो?"

"बाई," फूलबाबा डोळे मिटून म्हणाला, "श्रद्धेच्या दारात पिशवी खाली ठेवून उभं राहावं."

बाईंनी पिशवी खाली ठेवली. कोणाच्या तरी पायावर.

फूलबाबाने दोन्ही हात वर केले. म्हणजे दोन्ही वर केले, पण दिसला एकच. दुसरा बाहीतच राहिला. त्याचा पांढरा झगा मावशींनी शिवला होता. उजवी बाही बोटांच्या चार इंच पुढे गेलेली, डावी कोपरालाच थांबलेली. गळा मधोमध न राहता खांद्याकडे घरंगळलेला. पांढऱ्या कापडावर चॉकलेटी दोरा. खिसा होता, पण पाठीवर.

"हा झगा," त्याने छाती काढली, "मावशींनी दृष्टी सुधारल्यावर शिवलाय. याहून मोठा पुरावा कुठला हवा?"

शंभर माणसांनी त्या झग्याकडे पाहिलं. शंभर माणसांनी माना डोलावल्या. "छान बसलाय," कोणीतरी म्हणालं.

"म्हणून उद्याची चिरफाड रद्द!" फूलबाबाने जाहीर केलं. "ज्या डोळ्यांवर निळाई उतरली त्यांना आता लोखंड लावायचं नाही."

टाळ्या पडल्या. दुकानाच्या दारात मावशी हसत उभ्या होत्या. त्यांची मान झाडाच्या दिशेला होती, पण अगदी बरोबर दिशेला नव्हती. वीतभर उजवीकडे, पाण्याच्या नळाकडे.

मी टाळी वाजवली नाही. कारण 'उद्या' म्हणजे काय, ते त्या गर्दीत मी सोडून फक्त एका माणसाला माहीत होतं.

चार महिन्यांपूर्वी मी मावशींना डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले होते. त्या दोन महिन्यांतून एकदाच आमच्याकडे येतात. त्यांनी मावशींचे डोळे तपासले आणि सरळ सांगितलं, "उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकून पार पांढरा झालाय. डावाही त्याच वाटेवर आहे. आत्ता केलं तर अर्ध्या तासाचं काम. थांबलात तर तो आतल्या आत फुटेल, डोळ्यात दाब चढेल, आणि गेलेली नजर मला परत आणता येणार नाही."

बाहेर बाकावर पोस्टमनकाका बसले होते, मावशींचे यजमान. आयुष्यभर लोकांच्या बातम्या लोकांना पोचवल्या, स्वतः कधी एक बातमी तोंडाने सांगितली नाही. पस्तीस वर्षांचा संसार त्यांनी 'हो' आणि 'बरं' या दोन शब्दांत केला.

"काय म्हणाल्या?" त्यांनी विचारलं.

"विशेष काही नाही," मावशी म्हणाल्या. "वयाचं आहे म्हणे."

मी शेजारी उभी होते. मी काय करावं? मीही मान डोलावली. काका माझ्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, "बरं." पण डॉक्टरीणबाईंनी दिलेला कागद त्यांनी माझ्या हातातून घेतला, वाचला, आणि तारखेसकट खिशात ठेवला.

तुम्ही म्हणाल, तोंडाला कुलूप कसलं लावलं होतंस? तर त्यासाठी मावशी माहीत हव्यात. या बाईने तीस वर्षं आमच्या अख्ख्या गल्लीला कपडे घातलेत. माझ्या लग्नातला ब्लाउज त्यांचा, माझ्या लेकीच्या बाळंतविड्याची टोपडीही त्यांची. माप घेताना एकदा टेप अंगाभोवती फिरवली की पुन्हा विचारायचं काम नाही. आणि जीभ अशी धारदार की कात्री लाजेल. "जरा सैल झालाय का हो?" असं कोणी म्हटलं तर, "कपडा सैल नाही, तुम्ही वाळलात. जेवत जा," हे उत्तर तयार.

मग दोनेक वर्षांपूर्वी बाह्या कमीजास्त होऊ लागल्या. आधी बोटभर, मग वीतभर. सलूनवाल्या दादांच्या शर्टाला काजं डावीकडेही आली आणि उजवीकडेही. बटणं कुठेच नाहीत. शाळेतल्या बाईंच्या परकराला नाडी ओवायला वाटच ठेवली नव्हती. माझ्या चॉकलेटी ब्लाउजवर निळ्या दोऱ्याची शिलाई आली. मी म्हटलं, "मावशी, निळा दोरा?" तर म्हणाल्या, "निळा कुठे? चॉकलेटीच तर आहे." मी गप्प बसले. नंतर डॉक्टरीणबाईंकडून कळलं, मोतीबिंदूच्या गढूळ काचेतून निळा आधी मरतो. निळा, करडा, चॉकलेटी, सगळं एकच.

पण तेव्हा गल्लीत अळीमिळी गुपचिळी. घरी नेऊन जमेल तेवढं उसवून शिवायचं, बाकीचं तसंच घालायचं, आणि मावशी भेटल्या की "छान बसलाय." रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी काका पंचवीस सुया ओवून गादीला टोचून ठेवायचे आणि दोऱ्याची रिळं ठरलेल्या क्रमाने लावायचे. मावशींना वाटायचं, कोणालाच काही कळलेलं नाही. आम्हाला वाटायचं, आपण त्यांचा मान राखतोय. एकूण काय, सगळे आंधळे आणि मोतीबिंदू एकीलाच.

अशा या झाकल्या मुठीत तीन महिन्यांपूर्वी फूलबाबा शिरला.

कुठून आला कोणास ठाऊक. गल्लीच्या टोकाला खोली घेतली आणि दोन दिवसांत कोणाचं काय दुखतंय त्याची यादी त्याला पाठ. मावशींच्या दुकानापुढे थांबला, घोसवालीकडे बघितलं आणि कपाळाला हात लावून म्हणाला, "माते, हे झाड तुझ्यासाठी रडतंय."

मावशींना सहसा कोणी माते म्हणत नाही. त्या विरघळल्या.

त्याने उपाय सांगितला. जुने सुकलेले घोस काढायचे, दर चार दिवसांनी बादलीभर पाण्यात एक पुडी 'सिद्ध नीलभस्म' विरघळवून मुळाशी घालायचं, रोज सकाळ-संध्याकाळ एकवीस वेळा मंत्र म्हणायचा, आणि झाड निळं होईपर्यंत डोळ्यांना लोखंड लागू द्यायचं नाही. पुड्या अर्थात त्याच्याकडेच मिळत. डॉक्टरीणबाईंची पहिली तारीख त्या लोखंडापायी हुकली. काकांनी जाऊन दुसरी आणली. तेव्हा बाईंनी निरोप दिला होता: "ही शेवटची समजा. पुढच्या वेळी मी हो म्हणेनच असं नाही."

जुने घोस फूलबाबाने स्वतःच्या हाताने काढले, आणि तिथेच मला पहिली शंका आली. या झाडाची गंमत अशी की पुढच्या वर्षीची फुलं जुन्या काडीवर येतात. माहीत नसलेला माणूस हौसेने झाड बुडापासून कापतो आणि वर्षभर नुसती पानं बघत बसतो. फूलबाबाने घोसाखालची काडी बोटांनी चाचपली, टपोऱ्या डोळ्यांची, म्हणजे कोंबांची, पहिली जोडी शोधली, तिच्यावर जेमतेम नखभर ठेवून तिरका काप घेतला. आणि दुसऱ्या फांदीकडे जाण्याआधी त्याने पातं फडक्याने पुसलं. एका झाडाचा रोग दुसरीकडे जाऊ नये म्हणून आम्ही रोपवाले पुसतो तसं. मी मनात म्हटलं, हिमालयात छाटणी शिकवतात वाटतं.

दुसरी शंका सलूनवाल्या दादांना आली. मावशींकडून मी एक पुडी मागून आणली होती, झाडाला अपाय होईल या भीतीने. दादांना दाखवली. त्यांनी चिमूट जिभेवर ठेवली, गिऱ्हाइकाने वस्तरा बघून करावं तसं तोंड वाकडं केलं, आणि म्हणाले, "ताई, हे भस्म मी वीस वर्षं लोकांच्या गालांना चोळतोय."

"म्हणजे?"

"तुरटी! दाढी करताना कापलं की लावतो ती. दळलेली तुरटी."

माझी ट्यूब पेटली. माझ्याकडे एक फाटकं बागकामाचं पुस्तक आहे, त्यात वाचलं होतं: या झाडाच्या फुलाला निळं व्हायला मातीतलं ॲल्युमिनियम लागतं. माती आंबट असेल तर ते झाडाला मिळतं आणि फूल निळं होतं. मातीत चुना असेल तर ते मातीतच अडकून बसतं आणि फूल गुलाबी होतं. मावशींच्या वाफ्यावरची भिंत दरवर्षी चुन्याने रंगते, पोपडे वाफ्यात पडतात. म्हणून अकरा वर्षं गुलाबी. आणि तुरटी? तुरटीत ॲल्युमिनियमही असतं आणि ती मातीला आंबटही करते. एका पुडीत दोन्ही कामं.

पण वाचलेलं खरं मानायचं तर बाबाचं ऐकलेलं खोटं का मानायचं? करून बघावं. माझ्याकडे त्याच झाडाच्या फांद्यांपासून केलेल्या चार कुंड्या होत्या. माती एकच, वाफ्यासारखीच चुना मिसळलेली, आणि ऊन एकच. त्यांच्यावर खडूने आकडे घातले. पहिलीला साधं पाणी. दुसरीला दादांच्या दुकानातली तुरटी. तिसरीला बाबाची पुडी, मंत्राशिवाय. आणि कोणावर अन्याय नको म्हणून चौथीला नुसता मंत्र. रोज सकाळ-संध्याकाळ कुंडीपुढे उभी राहून एकवीस वेळा म्हणायचे, उच्चार जमतील तितके शुद्ध. शेजारीण एकदा भिंतीवरून बघून निमूटपणे खाली गेली. तिने काय समजायचं ते समजून घेतलं असावं.

कळ्या धरल्या, पोपटी झाल्या, रंग चढू लागला. पहिली गुलाबी. दुसरी निळी. तिसरी निळी. चौथीने माझा मंत्र तीन महिने ऐकून घेतला आणि गुलाबी फुलली.

हे सगळं माहीत असून मी बोलले का नाही? कारण तुरटीचं सांगायला दोन मिनिटं पुरली असती. पण मग पुढचा प्रश्न आलाच असता: फूल तुरटीने निळं झालं, तर मावशींना दिसायला लागलं ते कशाने? आणि त्याचं उत्तर गल्लीत कोणालाच द्यायचं नव्हतं. मलाही नाही. कळ्या पूर्ण उमलू देत, मग बघू, असं म्हणत मी दिवस ढकलले. एकेक गुलाबी पाकळी मोजत बसले आणि उद्याची तारीख दारात येऊन उभी राहिली.

टाळ्या थांबल्या तशी मी गर्दीतून मागे सरले आणि सलूनकडे पळाले. दादा एका गिऱ्हाइकाची दाढी करत होते.

"दादा, कुंड्या आणायला हात द्या. आत्ता."

"अर्धी झालीय हो यांची."

"अर्धी राहू दे," साबणातून गिऱ्हाईक म्हणालं. "मलाही बघायचंय."

माझ्या हातगाडीवर चार कुंड्या, एका बाजूने दादा वस्तऱ्यासकट, दुसऱ्या बाजूने अर्धा चेहरा पांढरा असलेला तो गृहस्थ, अशी आमची वरात गल्लीत शिरली. लोकांनी वाट दिली. वाट न देऊन सांगतात कोणाला; दादांच्या हातात वस्तरा होता.

कुंड्या मी मावशींच्या पायरीवर ओळीने मांडल्या आणि कोणाला काय घातलं ते मोठ्याने सांगितलं. मंत्राच्या कुंडीशी आल्यावर लोक हसले. दादांनी खिशातून तुरटीचा खडा काढून बटाटेवाल्या बाईंच्या हातावर ठेवला, दुसऱ्या हातावर भस्माची चिमूट. बाईंनी दोन्ही चाखलं. त्यांचा चेहरा दोन्ही वेळा एकाच बाजूला गेला.

"एकच आहे की हो!"

कुजबुज सुरू झाली. फूलबाबा मात्र स्टुलावरून हलला नाही.

"भक्तांनो, तुरटी हे निमित्त! तार असते म्हणून दिवा लागतो का? वीज लागते! ती वीज इथून येते." त्याने छातीवर हात ठेवला. म्हणजे बाही ठेवली.

"मग माझी दुसरी कुंडी कोणाच्या विजेने निळी झाली?" मी विचारलं. "तिच्याकडे तर तुम्ही बघितलंही नाही."

"माझ्या तेजाला भिंतींचं बंधन नाही."

"मग ते पहिल्या आणि चौथ्या कुंडीला का चुकलं? एकाच कट्ट्यावर होत्या सगळ्या."

गर्दीतून "हां, ते सांगा" असा आवाज आला. बाबाने डोळे मिटले. तो आता अर्धा तास डोळे मिटून राहणार हे मला कळलं, म्हणून मी दुसरीकडून गेले.

"जाऊ दे," मी म्हटलं. "आता झाड निळं झालंच आहे. मावशी, फुलं झाली की हे मी बुडापासून छाटून टाकते. जमिनीला लागून. पुढच्या वर्षी दुप्पट फुलेल."

फूलबाबाचा एक डोळा उघडला.

"सगळ्या काड्या कापायच्या," मी कात्री काढत म्हटलं. "कोयत्यानेही चालेल. कशाही कापल्या तरी चालतात या झाडाला."

"अहो, वेड लागलंय का!" फूलबाबा स्टुलावरून खाली उडी मारत ओरडला. "जुन्या काडीवर येतात फुलं हिची! बुडापासून कापलीत तर वर्षभर पानं बघत बसाल! आणि कोयता? चिंधड्या होतील काडीच्या, बुरशी चढेल! पहिल्या डोळ्याच्या जोडीवर तिरका काप घ्यायचा, एवढंही माहीत नाही? कोणी दिली तुम्हाला रोपं विकायला?"

मग तो थांबला. अर्ध्या दाढीचे गृहस्थ साबणासकट दोन पावलं पुढे सरकले.

"कुठल्या नर्सरीत होतात?" मी हळू विचारलं.

त्याने बाही गोळा करत खाली बघितलं. पहिल्यांदाच तो आमच्यासारखं बोलला.

"सतरा वर्षं केलं, ताई. गुलाबीची निळी करून दाखवायचो, तुरटीने. लोक म्हणायचे, अच्छा, आणि तुळशीचं रोप उचलून निघून जायचे. एकदा गमतीने म्हटलं, मंत्राने केली. दुसऱ्या दिवशी रांग."

कोणी शिवी घातली नाही. कदाचित त्या रांगेत आपणही होतो हे आठवलं असेल. पण लगेच त्याने मान वर केली. गडी हरला होता, पण जाळं अजून टाकायचं होतं.

"बरं, तुरटी तर तुरटी. पण मावशींना गुण आला ना? दिसायला लागलं ना? ते तर खोटं नाही? त्यांनाच विचारा की!"

सगळी गल्ली मावशींकडे वळली. वाकड्या बाह्या, काजांना काजं लावलेले शर्ट, पाठीवर खिसा घेतलेला बाबा, आणि मी, निळ्या शिलाईच्या चॉकलेटी ब्लाउजमध्ये. त्याने आमच्याच घरातली वस्तू आमच्यापुढे ठेवली होती. तुरटी त्याची होती. पण मावशींना दिसतं ही थाप त्याने शोधलेली नव्हती. ती आम्ही दोन वर्षं घरोघरी शिवून, इस्त्री करून तयार ठेवली होती. त्याने फक्त अंगात घातली.

"विचारायचं काय त्यात?" मावशी ताठ मानेने म्हणाल्या. "दिसतं मला. लख्ख दिसतं. हे काय निळं फूल."

आणि त्यांनी वाकून हात फिरवला तो चौथ्या कुंडीवर. गुलाबी.

दादा वस्तरा बघू लागले. शाळेतल्या बाईंनी पदर सारखा केला. मी हातातली कात्री उघडत-मिटत बसले. "छान..." एवढं कोणीतरी सवयीने म्हणालं आणि तेही अर्ध्यावर थांबलं.

गर्दीच्या मागून पोस्टमनकाका पुढे आले. घाईने नाही, ते कधीच घाईने चालत नाहीत. त्यांनी खिशातून चौकोनी घडी केलेला कागद काढला, डॉक्टरीणबाईंचा, आणि बायकोच्या मोकळ्या हातात ठेवला. मावशींनी तो चाचपला, पण वर धरून बघितला नाही.

"काय आहे?" मावशींनी विचारलं.

"उद्याची तारीख."

"झाड निळं झालंय ना आता? सगळे म्हणतायत."

"झाडाला तुरटी लागत होती. तुरटी मिळाली, झाड निळं झालं. त्यात त्याचं काही चुकलं नाही." काका एका दमात एवढं बोलल्याचं गल्लीने कधी ऐकलं नव्हतं. "तुझ्या डोळ्यांना डॉक्टर लागते. ती मिळाली नाही, म्हणून ते तसेच आहेत."

"म्हणजे काय म्हणायचंय तुम्हाला?" त्यांचा आवाज चढला. "लोकांसमोर काय म्हणायचंय?"

काकांनी एकदा आमच्या सगळ्यांकडे पाहिलं. मग त्यांनी मावशींचा हात गुलाबी फुलावरून उचलला आणि स्वतःच्या हातात धरला.

"तुला दिसत नाही गं," ते म्हणाले.